सामायिक कप्पा आपोआप उघडण्याविषयी

एखादे काम आपोआप होऊ लागले, की आजवर ते करणारा माणूस नेमके काय करत होता याची चौकशी सुरू होते. म्हणून सुज्ञ कचेऱ्या कोणतेच काम आपोआप होऊ देत नाहीत.

कोक-बुलाक गावच्या पशुनोंदणी कचेरीत संगणक एकच, पण त्यात दोन सवती नांदत. विंडोजवर साहेब पत्रे लिहीत, लिनक्सवर बाकीचे घोड्या-मेंढ्यांचे दाखले काढीत. नोंदी दोघींच्या सामायिक कप्प्यात. लिनक्स सुरू झाले, की हा कप्पा रोज पासवर्ड टाकून हाताने उघडावा लागे, आणि पासवर्ड फक्त कचेरीतल्या वडीलधाऱ्या मेदेर-आकेंना ठाऊक. (तो पडद्यालाच चिकटवलेला होता, पण चिठ्ठी वाचण्याचा अधिकार त्यांचा.) ते साडेदहाला येत, टोपी काढत, बोटांवर फुंकर घालत आणि कळ दाबत. तोवर कचेरी चहा पिई. (माणशी सरासरी चार वाट्या, अकरा तळलेले बोरसोक.)

राजधानी बिश्केकहून शिकून आलेली बुरुलकान तिसऱ्याच दिवशी कंटाळली. तिने अधिकार नसताना चिठ्ठी वाचली आणि लिनक्स सुरू होताना जी फाईल वाचते तिच्यात एक ओळ लिहिली: कप्प्याचा लांबलचक ओळख क्रमांक, तो जोडायची जागा, आणि कप्पा सापडला नाही तरी अडून बसू नये अशी सूचना.

दुसऱ्या दिवशी नऊला कप्पा उघडा! चहाला आधणही आले नव्हते. मेदेर-आके आले, बोट पुढे केले, ते हवेतच राहिले.

"पोरी, मग मी काय दाबू?"

"काही नाही, आके. तुम्ही नुसतं बसा."

"नुसतं तर नऊ वर्षं बसतोय. दाबायचं असतं म्हणून घरून निघतो ना!"

बुरुलकानला वाईट वाटले, पण प्रगतीपुढे इलाज नव्हता.

तेवढ्यात कुरणावरून तीन तास घोडदौड करून तोकोय म्हातारा घोडीच्या दाखल्यासाठी आला. दाखला चार मिनिटांत हातात पडला. त्याने तो उजेडात धरला, मग हुंगला.

"कप्पा कुणी उघडला?"

"आपोआप उघडतो आता, आजोबा."

"आपोआप फक्त दूध नासतं. मेदेर दाबतो तो दे. बाजारात तोच चालतो."

आणि तो बाकावर ठाण मांडून बसला. संध्याकाळपर्यंत चौदापैकी तेरा दाखले परत आले. (चौदावा नेणाऱ्याला खरे तर पोस्टात जायचे होते.)

साहेबांनी समिती नेमली: सदस्य तीन, चहाचे समोवार दोन. ठराव झाला, की यंत्र आपोआप चालावे, परंतु ते चालवताना एक माणूस दिसावा. बुरुलकानने मुकाट्याने ओळीच्या सुरुवातीला # हे चिन्ह ठेवले. असे चिन्ह दिसले, की यंत्र ती ओळ शेरा समजून सोडून देते. अहवालात नोंद झाली: 'योजना पूर्ण. ओळ फाईलमध्ये उपलब्ध.'

दुसऱ्या दिवशी सकाळी मेदेर-आकेंनी तिच्यापुढे चहाची वाटी सरकवली. "बस, पोरी. अजून उघडायचंय."

अकरानंतर बाकावरून उठून दाखला घेताना तोकोयने तो छातीशी धरला. "आता कसं, कागदाला वजन आलं!"

वाचक हसतील, हसावेच. फक्त अर्ज ऑनलाइन भरल्यावर त्याची छापील प्रत काढून, 'मिळाला ना हो?' हे विचारायला जो कचेरीत गेला नसेल, त्याने पहिल्यांदा हसावे. (बाकीच्यांनी टोकन घेऊन बसावे, साहेब चहाला गेले आहेत.)