सोमाभाऊची सावत्र माय

आमच्या सोमाभाऊने मिशी कधी ठेवलीच नाही. दिवाळीनंतर गावात दंडारीचा खेळ व्हायचा आणि त्यात त्याला सावत्र आई व्हायचं असे. "बाईले मिशी सोभते का?" असं तो वर्षभर विचारत फिरे. तलावात जाळं टाकणारा दांडगा ढिवर, पण सिंदेवाहीच्या बाजारात स्वतःच्या मापाच्या बांगड्या घासाघीस करून घेई. लाज नाही, संकोच नाही. मला तर त्याचं भारी कौतुक वाटे.

खेळात सावत्र आई पोराच्या ताटात विष कालवते, पोरगा ताट हुंगतो, लाथाडतो आणि तिला हाकलतो. पण सोमाभाऊ विष कालवताना असा रडे की समोरच्या बाया डोळ्यांना पदर लावत. पोराचं काम माझ्याकडे. एका म्हातारीने दुसऱ्या दिवशी मला विहिरीवर गाठून झाडलं, "मायले लात मारतं, सरम नाई वाटत तुले?"

पहिली निवडणूक झाली त्या साली, बाया सावत्र आईसाठीच रडतात म्हणून खेळ बसवणारे पाटील वैतागले. "सोमा, सावत्र माय म्हन्जे वाईटच. जुन्या कथेत तसंच हाये. यंदा तू राजा हो."

एवढा गडी, पण भर तालमीत तोंडच उतरलं त्याचं. उठून चालता झाला. मी मागोमाग तलावावर गेलो.

"राजा व्हाले काऊन नाई म्हन्ता, भाऊ?"

जाळं उकलत तो म्हणाला, "मले सावत्र मायनंच वाढवलं. लोकं सांगत, 'पोरा, हुंगून खा, ती ताटात काई टाकन.' मी तिच्यासमोर हुंगूनच खाओ. मंग तीच पह्यला घास सोता खाये आन् मले दे. मरेपर्यंत. आता दुसऱ्यानं तिचं सोंग केलं, तं लोकं तिले दातओठ खाऊन पाह्यतीन. मले नाई पाह्यवत."

पाटलांच्या हातापाया पडून मीच त्यांना राजी केलं. "यंदा शेवटचं," ते म्हणाले.

खेळात सोमाभाऊने नेहमीसारखं रडत ताट पुढे केलं. आता हुंगायचं आणि लाथ मारायची. मी ताट जवळ ओढलं, भाताचा मोठा घास घेतला आणि न हुंगता तोंडात घातला. गाणारे गाणं विसरले. पाटील पुढच्या रांगेतून हातवारे करू लागले. मी आपला जेवत राहिलो.

मग सोमाभाऊ हळूच माझ्याजवळ टेकला, पदराने माझं तोंड पुसलं आणि म्हणाला, "अजून घे रे, बाबू."