फडताळातली दोन विरजणं

मुंबईची आगबोट आली की अर्धी रत्नागिरी बंदरावर लोटायची, त्या काळची ही गोष्ट. काय दिवस होते! पोट बिघडलं तर माणसं ताक पीत आणि गप्प बसत. कचेरीतले कारकून हरिहरपंत मात्र गप्प बसणाऱ्यांतले नव्हते. (त्यांचं पोटही नव्हतं.)

विलायतेकडचे म्हातारे आंबट दुधातल्या जंतूंवर शंभरी गाठतात, असं त्यांनी वर्तमानपत्रात वाचलं. झालं! मुंबईच्या एका कंपनीकडून जंतूंची कुपी आली आणि चिनी मातीच्या बरणीत दुधाला लागली.

"अहो, घरात विरजण आहे की," आनंदीबाई म्हणाल्या.

"ते गावठी! त्यात शास्त्र कुठाय?"

ते विरजण आनंदीबाईंनी लग्नानंतर माहेराहून, देवरूखहून, बैलगाडीत मांडीवर धरून आणलं होतं. आई जाऊन नऊ वर्षं झाली, तरी तिच्या दह्याची चव रोज पानात होती.

बरणीतलं दही मात्र फक्कड लागलं. महिन्याभरात पंतांचं पोट ताळ्यावर आलं. त्यांनी मांडवीत घरोघर वाटी वाटी 'साहेबी विरजण' वाटलं आणि कंपनीला प्रशस्तिपत्रही धाडलं.

मग एका संध्याकाळी बोका फडताळात शिरला. आनंदीबाईंचं गाडगं आणि पंतांची बरणी, दोन्ही खाली! दह्याचा थेंबही त्याने ठेवला नाही.

आनंदीबाई खापऱ्या पदरात घेऊन बसल्या. "आईचं तेवढंच उरलं होतं हो."

पंतांना आपण 'गावठी' म्हटल्याची फार लाज वाटली. पण सासूबाईंचं विरजण आता कुठून आणणार? निदान आपलं तरी मिळेल, म्हणून ते वाटी घेऊन निघाले. दिवेलागणीनंतर कोणी विरजण देत नाही, आणि सूर्य तर समुद्राला टेकलेला. पंत धोतर सावरत धावले. पहिल्या घरी दह्याची कढी झालेली. दुसऱ्या घरी समई नुकतीच लागलेली. तिसऱ्या घरी येसूबाई हातात काडी घेऊन देवापुढे उभ्या होत्या.

"काडी ओढू नका!" पंत ओरडले.

"अगो बाई! काय झालं? आग लागली की काय?"

"विरजण द्या आधी!"

घरी येऊन त्यांनी वाटी पुढे केली. "हे आपलं माझंच साहेबी. तुझं काही आणता आलं नाही गं."

आनंदीबाईंनी बोट बुडवून चाखलं. डोळे भरून आले, आणि त्या हसायलाच लागल्या.

"अहो, तुमच्या जंतूंनी पहिल्याच दिवशी दूध नासवलं. तुमचं तोंड एवढंसं होईल, म्हणून मी ते ओतून बरणीत आईचं विरजण घातलं."

"म्हणजे मी मांडवीभर वाटलं ते..."

"आईचंच. रडण्याच्या भरात माझ्याही ध्यानात आलं नव्हतं. तुम्ही वाटलंत म्हणून वाचलं."

पुढच्याच बोटीने वर्तमानपत्र आलं, त्यात कंपनीची जाहिरात. 'घरच्या गावठी ताकाने पिडलेल्या गृहस्थास विलायती जंतूंनी जीवदान!' खाली पंतांची सही. आनंदीबाईंनी ते कापून, चौकट करून फडताळावर टांगलं. सासूबाईंच्या विरजणाला मिळालेलं ते एकुलतं एक प्रशस्तिपत्र, आणि तेही जावयाचं.