भिकोबा मुंगुसाचा स्वस्त फोन

एका जंगलात, जिथे रेंज यायला वडाच्या तिसऱ्या फांदीवर चढावं लागे, भिकोबा नावाचा एक मुंगूस राहत होता. बाळांनो, नीट मांडी घालून बसा. हातातले मोबाइल खाली ठेवा. आईबाबांनीसुद्धा.

भिकोबाचा धंदा छोटा, पण चोख होता. कुणाच्या घरात साप शिरला की जायचं आणि काढायचा. मेहनताना म्हणून साप त्याचा.

त्या जंगलात हाकेची पद्धत होती. साप दिसला की ओरडायचं, "भिकोबा, धावा!" ज्याच्या कानावर हाक पडेल त्याने ती पुढे द्यायची. ससा टिटवीला द्यायचा, टिटवी माकडाला, आणि माकडाला सांगितलं की वेगळं कुणाला सांगावंच लागत नसे. हाक बिळापाशी पोचते न पोचते तोच भिकोबा शेपूट फुलवून निघालेला असे.

एक दिवस ओढ्यापलीकडच्या मुंगुसाने दारावर पाटी लावली : ‘फोनवर संपर्क साधा.’ झालं! भिकोबाचं जेवणावरचं लक्षच उडालं.

"लोक मला हाका मारतात," तो बायकोला म्हणाला. "घरगडी असल्यासारख्या! मला फोन हवा."

"हाक ऐकू येते ना? मग झालं की," गोदाबाई म्हणाल्या.

"तुला धंद्यातलं कळत नाही."

हे वाक्य गोदाबाई आठवड्यातून दोनदा तरी ऐकत. त्या पुन्हा बीळ झाडायला लागल्या.

वडाखाली सरड्याचं दुकान होतं. तिथे इंटरनेट फोन मिळत. तार नको, खांब नको, रेंजसाठी फांदी नको, बोललेलं सगळं इंटरनेटवरून जायचं. दुकानात एक भलामोठा फळा होता आणि त्यावर सत्तावीस प्लॅन होते. एकात ऐकणं फुकट, पण बोलायला आकार. एकात अमावस्येला सवलत. एकात शेजाऱ्याला आणलंत तर महिना मोफत, आणि शेजारी पळून गेला तर दंड. भाव सगळे नाकतोड्यांत.

"बारा नाकतोड्यांचा घेऊ?" भिकोबाने विचारलं.

"घ्या की! पण चौदाच्यात आवाज स्वच्छ येतो. अर्थात दहाच्यात बचत आहे."

"मग दहाचा द्या."

"तो आत्ताच बंद झाला," सरडा म्हणाला आणि हिरव्याचा पिवळा झाला. "पण नऊचा येऊ घातलाय."

भिकोबा फळ्यासमोर बसला तो बसलाच. तीन दिवस बसला. दुसऱ्या दिवशी एक जाडजूड धामण चक्क त्याच्या शेपटीवरून गेली. मान वर न करता भिकोबा म्हणाला, "जरा सरका, फळा दिसत नाही."

शेवटी त्याने नऊचा घेतला. सगळ्यात स्वस्त! सोबत आपोआप बोलणारी बाई फुकट. अट एकच होती. हाकेवर कामाला गेलं तर प्लॅन रद्द. म्हणून भिकोबाने दारावर पाटी लावली : ‘हाका मारू नयेत. फोन करावा.’ जंगलातली मंडळी शहाणी. त्यांनी सरड्याकडून फोन घेतले आणि हाका पुढे देणं बंद केलं.

भिकोबाच्या बिळाला लागूनच करवंदीची जाळी होती. तिथे ताराक्का रानकोंबडी सात अंड्यांवर बसली होती. गेल्या साली तिची सगळीच्या सगळी अंडी सापाने नेली होती. त्यानंतर महिनाभर ती रिकाम्या घरट्यावर बसून राहिली होती. यंदा ती पाणी प्यायलासुद्धा उठत नसे.

आणि एका दुपारी जाळीत नाग आला.

ताराक्काने पंख अंड्यांवर पसरले आणि चोचीने फोन लावला.

"मुंगूस सेवेत आपलं स्वागत आहे," बाई म्हणाली. "घोणस असल्यास एक दाबा. मण्यार असल्यास दोन दाबा. फुरसं असल्यास तीन दाबा..."

"नाग कितीवर आहे?" नागाने फणा पुढे काढून विचारलं.

"गप्प बसा हो, ऐकू द्या!" ताराक्का म्हणाली.

"नाग असल्यास चार दाबा."

"चौथा?" नाग दुखावला. "फुरशाच्याही खाली?"

ताराक्काने चार दाबलं. "आमचे सर्व मुंगूस सध्या कामात आहेत," बाई म्हणाली आणि पिपाणी वाजू लागली.

सर्व मुंगूस, म्हणजे भिकोबा, बिळात फोनकडे टक लावून बसला होता.

"अहो, ताराक्का ओरडतेय!" गोदाबाई म्हणाल्या.

"ऐकतोय मी. पण फोन वाजलाय का?"

त्याचेही पाय शिवशिवत होते, बाळांनो. तो काही वाईट नव्हता. पण नुसत्या ओरडण्यावर गेलं तर नऊचा प्लॅन जायचा, आणि नऊचा पुन्हा मिळतोय कुठे?

गोदाबाईंनी झाडू टाकला आणि त्याच धावल्या.

जाळीत ताराक्का होती. सात अंडी होती. नाग नव्हता.

"गेला कुठे?"

"बाई म्हणाली, आपण स्वतः साप असल्यास नऊ दाबा," ताराक्का म्हणाली. तिला हसावं की रडावं कळत नव्हतं. "त्याने शेपटीने दाबलं. सरड्याने लगेच उचलला हो! म्हणाला, सापांसाठी खास प्लॅन आलेत, मुंगूस फोनवर अडकलाय का ते आधीच कळतं. हा म्हणाला, भाव बघून येतो."

इतक्यात भिकोबाचा फोन वाजला. "वडाखाली नाग आहे," बाई म्हणाली. "वाजला! वाजला!" करत तो शेपूट फुलवून वडाकडे सुटला.

नाग फळ्यासमोर वेटोळं घालून बसला होता. भिकोबाने दात विचकले. नाग मान न वळवता म्हणाला, "जरा सरका, फळा दिसत नाही."

भिकोबाने फळ्याकडे पाहिलं. त्याचे दात आत गेले.

"आठचा? मला नऊचा दिला!"

"आणि सातचा येऊ घातलाय," सरडा म्हणाला आणि निळा झाला.

भिकोबा नागाशेजारी बसला.

बाराव्या दिवशी ताराक्काची सातही पिल्लं वडाखाली दाणे टिपायला आली. नागाच्या आणि भिकोबाच्या मधून ओळीने गेली. दोघांपैकी एकानेही मान वर केली नाही. पाटी गोदाबाईंनी कधीच काढली होती. आता जंगलात "गोदाबाई, धावा!" अशी हाक येते आणि त्या धावतात.

तात्पर्य : संकट दारात आलं तर त्याच्याशी लढू नका. त्याला स्वस्त प्लॅन निवडायला बसवा. तेवढ्यात पिल्लं मोठी होतात.