बरं म्हणजे दहापैकी दहा

"कोणी विचारलं, कशी हायेस, त 'बरी हाये' म्हणावं, शेवंते. जास्त सांगितलं का माणसं उठून जातात." आईनं भाकरी थापता थापता सांगितलेलं हे शेवंताबाई सत्तरीतही पाळत होत्या. जर्मनीत नोकरीला असलेला अश्वजीत दर रविवारी फोनवर विचारायचा, "आई, परत येऊ का?" त्यालाही त्या म्हणत, "मी बरी हाये."

त्यामुळे जागतिक जीवनमान मापन मंडळाचे प्रतिनिधी अंबरीश टॅबलेट घेऊन जबलपूरच्या विजय नगरात आले, तेव्हा मंडळावर तांत्रिक संकट ओढवले.

"आंटी, शून्य ते दहा. तुम्ही किती सुखी?"

"बरी हाये."

"वो ऑप्शन नहीं है, आंटी."

"मंग टाकून घे ना, बाबू. चहा घे."

चहाचा दुसरा कप तयारच होता. अंबरीशने तो संपवला आणि नोंदवले: आतिथ्यसज्जता, उत्तम.

कॉलनीतल्या साऱ्या मराठी घरांतून हेच उत्तर आले. मंडळाने सांस्कृतिक समायोजन समिती नेमली. समितीने संत्राबर्फीसह सखोल विचार करून ठरवले, की या समाजात सुखाचा गवगवा निषिद्ध असल्याने 'बरं' म्हणजे दहापैकी दहा. मग उरलेली उत्तरेही त्याच उजेडात वाचणे भाग पडले. नळ एक दिवसाआड येतो: पाण्याची ओढ टिकून आहे. गुडघे दुखतात: घराविषयी विशेष आत्मीयता. एकट्याच जेवतात: स्वतःसोबत निवांत वेळ.

मंडळाच्या सुखाच्या जागतिक यादीत विजय नगर अश्वजीतच्या शहराच्या वर गेले.

रविवारी त्याचा फोन आला. "आई, यादी वाचली. तू तर आमच्यापेक्षा सुखात! मी उगाच भारतात बदलीचा अर्ज देऊन बसलो होतो. उद्या मागे घेतो. बरी आहेस ना?"

"ब..."

"बस! दहापैकी दहा! चलो, ठेवतो."

"ठेवू नको!"

शेवंताबाईंचा आवाज पहिल्यांदाच चढला होता.

"बरी नाही मी, अश्वजीत. तुहे बाबा गेल्यापासून रोज दोन कप चहा टाकते अन् एक मोरीत ओतते. त्या दिवशी तो सर्वेवाला पोरगा पिऊन गेला, त मले सणासारखं वाटलं."

अश्वजीतने फोन ठेवला नाही.

"'बरी हाये' ऐकाचं असते, म्हणूनच विचारतेत सारे. तूही. आता नाही म्हटलं ना मी? मंग विचार, काहून बरी नाही?"