साळूताईचा बदलता पत्ता

एका जंगलात, बाळांनो, सगळ्यांच्या वेबसाइटी होत्या. कशाला, ते विचारू नका. शेजाऱ्याची होती म्हणून आपलीही होती.

साळूताई साळिंदर पोटदुखीवर काढा देई. तिची वेबसाइट जुन्या वडावर होती. तिथे पुष्कळांच्या वेबसाइटी दाटीवाटीने राहत आणि सगळ्यांचा आयपी पत्ता एकच होता. आयपी पत्ता म्हणजे वेबसाइटच्या घराचा नंबर, एवढे कळले तरी पुरे. मोठ्यांना तेवढेही कळत नाही.

कुणाचे पोट दुखले की तो शोधकावळ्याला विचारी. कावळा साऱ्या वेबसाइटी हिंडून येई आणि ओळीने नावे सांगे. पहिले नाव साळूताईचे. दुसऱ्या नावापर्यंत कुणी थांबतच नसे, त्यामुळे तिचे बरे चालले होते.

एक दिवस जंबू कोल्हा आला. तो सल्लागार होता, म्हणजे त्याला दुसरे काही येत नव्हते.

"ताई, तुमच्याच पत्त्यावर तरसाची जुगाराची वेबसाइट आहे," तो हळूच म्हणाला. "कावळ्याने पाहिले तर तुमचेही नाव खराब. आजच हला इथून."

साळूताईच्या अंगावर काटा आला. तो तसा असायचाच, पण आता उभा राहिला.

तिने बिऱ्हाड चिंचेवर नेले. हलवाहलवीत वेबसाइट बंद राहिली. कावळा येऊन परत गेला आणि साळूताईचे नाव घसरले.

"चिंचेचा नंबरच लाभत नाही," जंबू म्हणाला. ती बाभळीवर गेली. तिथे वेबसाइट उघडायला इतका वेळ लागे, की तोवर पोट आपोआप दुखायचे थांबे. नाव आणखी घसरले. सामान बांधण्यापुढे काढा उकळायलाही तिला सवड होईना. शेवटी कुणीच येईनासे झाले, तेव्हा तिला रडू आले.

ती कावळ्याकडे गेली. "कावळेबुवा, माझा कुठला पत्ता तुम्हाला खटकला?"

"पत्त्यावरून मी नंबर देतच नाही, बाई. मी दार वाजवतो. तुझे कधी बंद, कधी उघडता उघडत नाही. लोकांना काय सांगू?"

"मग नाव पुन्हा वर आणायला कुणाला विचारू?"

हे सांगणे तर कावळ्याचे कामच होते.

"पहिले नाव जंबू कोल्हा," तो म्हणाला. "मुक्काम जुना वड, तरसाच्या शेजारी. कित्येक वर्षांत तिथून हललेला नाही."

तात्पर्य : जागा बदलली की नशीब नक्की उघडते. ते सल्लागाराचे असते, म्हणून त्याला स्वतःची जागा बदलावी लागत नाही.