आजोबा चालले!

आमच्या कोपरी भागात इंग्रजी शिकवायची खरी लायकी असलेला माणूस एकच, तो म्हणजे मी! हे कधी कुणाला बोललो नाही, तेवढी छाती नाही. पण तळमजल्यावरच्या रचना मॅडमचा क्लास कानावर आला की बळ येतं. पोह्यांवर कोथिंबीर भुरभुरावी तसं ही बाई दिसेल त्या क्रियापदावर 'इंग' भुरभुरते! आणि पालक रांगा लावतात!

सोनल, माझी सून, म्हणाली, "बाबा, सोमवारी सान्वीची तोंडी परीक्षा. तोवर तिला चालू काळ आला तर ठीक, नाहीतर ती खाली क्लासला जाईल."

म्हणजे माझी संध्याकाळची एकुलती एक सोबत जाणार!

मी पद्धत काढली. मी कृती करायची, नातीने ती आधी इंग्रजीत सांगायची, मग मराठीत. मी दाराकडे निघालो.

"ग्रँडफादर इज गोइंग," सान्वी पुटपुटली. "आजोबा चालले."

"परीक्षेत अशी कुजबुजणार? ओरडून म्हण!"

"आजोबा चालले! आजोबा चालले!"

"शाब्बास!" म्हणत मी पुढच्या क्रियापदासाठी चटईवर आडवा झालो आणि डोळे मिटले.

शेजारच्या हौसाबाई उघड्या दारातून धावत आल्या, त्या गंगाजल घेऊनच! "अगो बाय! काय झालं गो हे!"

"आजी, ते स्लीपिंग आहेत," सान्वी म्हणाली.

"हो गो पोरी, आता कायमचेच!"

"अहो..." म्हणायला मी तोंड उघडलं आणि बाईंनी तुळशीपानासकट अख्खं फुलपात्र आत रिकामं केलं!

घर भरलं. सोसायटीचे सेक्रेटरी विश्राम हळहळले, "फार सज्जन माणूस होता."

'होता नाही, आहे!' असं ओरडावंसं वाटलं. पण एवढी माणसं माझ्याकडे बघताहेत म्हटल्यावर मी लाजून पुन्हा डोळे मिटले.

"गेले!" हौसाबाईंनी हंबरडा फोडला.

तेवढ्यात ऑफिसातून सोनल आली, आणि मला ठसका लागून तुळशीपान विश्रामांच्या शर्टावर उडालं.

"बाबा! हे शिकवणं चाललंय? सान्वी, उद्यापासून क्लास!"

गर्दीतून रचना मॅडम पुढे झाल्या. "डोन्ट वरी, अंकल. आय ॲम नोइंग युवर फीलिंग्ज."

एवढ्याशा वाक्यात केवढी घोडचूक! तीही सोनलच्या देखत! सान्वीला वाचवायची हीच संधी. मी उठून बसलो, घसा खाकरला, सगळ्यांवरून एक करडी नजर फिरवली.

"थँक यू, मॅडम," म्हणालो.