सगुणाबाईंची मोटर आणि गहाळ शब्दाचे वर्तमान

श्रीगणरायांस वंदून, पदरचे काही न घालता, घडले तैसे लिहिले ते येणेप्रमाणे. शके १९४७, विश्वावसु नाम संवत्सरे, भाद्रपद वद्य पंचमी, सूर्योदयाचे समयी राजधानीच्या दक्षिण पेठेत सगुणाबाई घोडके यांच्या पिठाच्या गिरणीची मोटर चोरीस गेली. बाईंनी कुलूप पाहिले ते तुटलेले, आणि बोल्ट पाहिले ते भुईवर, मग तैशाच कोतवालीत आल्या. कोतवाल मानाजीराव यांनी तक्रार ऐकून घेतली आणि कारकुनास सांगितले, "मोटर गहाळ, असे लिहा." बाई म्हणाल्या, "गहाळ कशी, साहेब? ती काय माझ्या पदरातून पडली?" मानाजीराव बोलिले, "ताई, शब्दाचे एवढे काय? शोध तोच करायचा." बाईंस वाटले, शब्दाने काय अडते, आणि कागद घेऊन घरी गेल्या.

मग चौथे दिवशी हैबती भंगारवाल्याच्या दुकानी मोटर दिसली. गेल्या खंडेनवमीस बाईंनी स्वहस्ते लाविलेले हळदकुंकू तीवर तैसेच होते. बाई म्हणाल्या, "माझी आहे, दे." हैबती म्हणाला, "मावशी, तुमचा कागद काय म्हणतो? गहाळ. गहाळ वस्तू मला सापडली, मी सांभाळली. चोरीची असती तर कोतवालांनी उचलून नेली असती की." आणि राज्याचा कायदा खरोखरीच तैसा होता. चोरीचा माल कोतवालाने जप्त करावा, गहाळ मालास हात लावू नये. इकडे गिरणी बंद, गिऱ्हाइके डबे घेऊन पलीकडच्या गिरणीत जाऊ लागली, आणि एकदा गेलेले गिऱ्हाईक परत वळवावे कैसे, हीच चिंता बाईंस लागली. मग पुन्हा कोतवालीत जाऊन म्हणाल्या, "तेवढा एक शब्द बदलून द्या." मानाजीराव बोलिले, "आज नव्हे. उद्या दरबारात चोऱ्यांचे आकडे वाचावयाचे आहेत. चोऱ्या घटल्या म्हणून महाराज शेला देणार, आणि तुम्ही नेमक्या आजच वाढविता काय?"

दुसरे दिवशी दरबार भरला. एक पक्ष म्हणे, चोर माजले, कायदा कडक करावा. दुसरा म्हणे, आकडे पहा, चोऱ्या घटल्या, आहे तो कायदा पुरे. कडक पक्षाचे पुढारी बापूजीपंत यांनी साक्षीस सगुणाबाईंस उभे केले आणि आवेशाने म्हणाले, "मातोश्री, निर्धास्त असा! चोराचे हात तोडण्याची शिक्षा आणितो." बाई म्हणाल्या, "हात घेऊन मी काय करू, पंत? त्याने दळण होते का? मला मोटर पाहिजे." दरबारात हशा पिकला. मानाजीराव उठोन बोलिले, "दप्तरी बाईंची चोरीच नाही, मग साक्ष कशाची?" बाई म्हणाल्या, "तेच म्हणते मी. पंत, कायदा मागाहून करा, आधी यांना चोरी लिहायला सांगा." तेव्हा दोन्ही पक्षांनी प्रधानांकडे धाव घेतली, कारण तो शब्द लिहिला तर ज्यांचा माल असाच गहाळ लिहिला ते बाकीचे लोकही उद्या दारी येतील, हे दोघांसही उमगले. मग प्रधानांनी मध्यस्थी केली. कायदा कडक करावा, म्हणजे पंतांचे समाधान, आणि आकडे आहेत तैसे मान्य करावे, म्हणजे कोतवालांचे. दोन्ही ठराव एकमताने मंजूर जाहले, शेला मिळाला, पानसुपारी जाहली, आणि बाईंच्या अर्जावर प्रधानांनी "योग्य वेळी विचार व्हावा" असा शेरा मारिला.

सारांश, राज्यात कायदा कडक जाहला आणि तो लावावा अशी चोरी दप्तरी उरली नाही. सगुणाबाई रोज सकाळी कोतवालीच्या पायरीवर येऊन बसतात. हे लिहीपर्यंत मोटर हैबतीकडेच असून, काल त्याने तीवरील हळदकुंकू पुसून रंगाचा पहिला हात दिला, असे वर्तमान आहे.